दोन ब्रिज

जुलै हा आमच्या, म्हणजे लोकांचे आयकराचे रिटर्न भरून देणाऱ्यांच्या, धंद्याचा सुगीचा महिना. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि मडगावच्या माझ्या दोन खोल्यांच्या ऑफिसात लोक ओल्या छत्र्या बादलीत टाकून, पोटाशी धरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून वर्षभराचे कागद बाहेर काढत असतात. मेस्त पिशवी आणत नाहीत. त्यांच्याकडे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे. झाकण इतकं घट्ट की ते उपटायला माझ्या चहाचा चमचा लागतो. आत पावत्या, पासबुक, राळेचा एक फुटका तुकडा (तो तिथं कशाला, हे मी कधी विचारलं नाही) आणि हार्डवेअरच्या दुकानाने दिलेली खिशातली डायरी.

२०१८ च्या जुलैत त्या डब्यातून दोन पावत्या निघाल्या. एकीवर लिहिलं होतं, ‘ब्रिज, ६०० रुपये’. दुसरीवर, ‘ब्रिज, १८,००० रुपये’. पहिली व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्याची होती. तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात ती वाकली होती, ती बदलून घेतलेली. दुसरी दाताच्या डॉक्टरची.

‘‘मेस्त, ही दुसरी खर्चात घालता यायची नाही,’’ मी म्हटलं.

‘‘कित्याक? दोनूय ब्रिजूच न्हय?’’

मेस्त हे त्यांचं नाव नव्हे. चर्चमध्ये गाणं-वाजवणं शिकवतो त्याला सासष्टीत, म्हणजे आमच्या मडगावच्या तालुक्यात, मेस्त म्हणतात; शिंप्यालाही म्हणतात. हे तसे कुठल्याच चर्चचे मेस्त नव्हते, पण आख्खं गाव त्यांना तेच म्हणतं. व्हायोलिन आणि ट्रंपेट, दोन्ही वाजवतात. त्यांच्या पिढीत हे नवल नव्हतं. सकाळी स्टुडिओत व्हायोलिन, रात्री लग्नात ट्रंपेट. पण ट्रंपेट ओठांवर टेकतो आणि ओठ मागच्या दातांवर टेकतात. वरचे पुढचे दोन दात गेले आणि मेस्तांचा वरचा सूर गेला. नुसत्या व्हायोलिनला लग्नात कोण बोलावणार? म्हणून त्यांनी दात बसवले, महिनाभर घराच्या मागच्या बाजूला माडाखाली बसून ओठ पुन्हा तयार केले, आणि आता त्यांचं म्हणणं होतं की ही दुरुस्ती वाद्याचीच आहे.

मी त्यांना एका खटल्याची गोष्ट सांगितली. एका ज्येष्ठ वकिलांनी, देशाचे माजी कायदामंत्रीच ते, आपल्या हृदयाच्या बायपासचा खर्च व्यवसायाच्या खर्चात दाखवला होता. हृदय हे माझ्या वकिलीचं यंत्र, तेव्हा ही यंत्राची दुरुस्ती. २०११ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते फेटाळलं. हृदय सगळ्यांनाच लागतं, वकिलीला म्हणून वेगळं लागत नाही, असा एकूण आशय.

मेस्त क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘वकिलाक काळीज कित्याक जाय? पूण म्हाका दांत जाय.’’ जाय म्हणजे हवं.

हसून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की हा मुद्दा कायद्याच्या दृष्टीनेही कच्चा नाही. व्हायोलिनला दात लागत नाहीत. जेवायला कवळी पुरते. तो १८,००० चा ब्रिज फक्त ट्रंपेटसाठी होता. तरी मी तो खर्चात धरला नाही. धरला असता तरी फरक पडत नव्हता. साठीपुढच्या माणसाला तेव्हा तीन लाखांपर्यंत कर नव्हता, आणि मेस्तांची वर्षाची सगळी मिळकत होती २ लाख ११ हजार. त्यांना कर वाचवायचा नव्हताच. तो दात कामाचा आहे, हे कुठल्यातरी सरकारी कागदावर लिहिलेलं त्यांना हवं होतं.

व्हायोलिनचाही तोच घोळ. कायद्याच्या लेखी वाद्य म्हणजे यंत्रसामग्री. दरवर्षी १५ टक्के घसारा. मेस्तांचं व्हायोलिन त्यांच्या आजोबांचं. कागदावर त्याची किंमत केव्हाच शून्याला टेकायला हवी होती आणि प्रत्यक्षात कुणीतरी ते मुंबईत विकायला मागत होतं. घसारा धरायचा तर गजावर धरावा. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात, ते झिजतात, आमच्या पावसाळ्यात सैल पडतात. डिंकाने चिकटवलेले व्हायोलिनचे सांधे जुलैत सुटतात. मेस्त पावसाळाभर व्हायोलिन कपाटात ठेवतात आणि कपाटात रात्रंदिवस एक पिवळा बल्ब जळतो. त्या बल्बचं विजेचं बिल मी मात्र खर्चात घेते.

रिटर्न भरताना ‘व्यवसाय’ असा एक रकाना येतो. मी त्यांच्यासाठी त्यात काय लिहायचं हे शोधत होते. तेव्हा छोट्या व्यावसायिकांसाठी एक सोपी वाट निघाली होती, निम्मं उत्पन्न नफा म्हणून दाखवा आणि हिशेबाच्या वह्यांतून सुटा. ती कुणाला लागू, हे बघताना मी १९६२ च्या आयकर नियमावलीत पोचले. तिथं ‘चित्रपट कलावंत’ कोण याची यादी होती. नट, कॅमेरामन, दिग्दर्शक, संगीत दिग्दर्शक आणि त्याचा साहाय्यक, नृत्य दिग्दर्शक, संकलक, गायक, गीतकार, कथा-पटकथा-संवाद लिहिणारा, इतकंच काय, कपडे बेतणारा. यादी दोनदा वाचली. वाजवणारा कुठेच नव्हता. मेस्तांनी सिनेमाचं काम सोडून तेव्हा पंचवीसेक वर्षं झाली होती, त्यामुळे व्यवहारात त्याने काहीच बिघडत नव्हतं. पण आयुष्याची उमेदीची वर्षं त्यांनी ज्या खुर्चीवर काढली ती खुर्चीच यादीत नाही, हे मला त्या दुपारी फार लागलं. त्यांना मी ते सांगितलं नाही.

आता डायरीविषयी. एका दिवसाला एक ओळ. गाव, काय होतं ते, आणि रक्कम. ‘कुंकळ्ळी, लग्न’. ‘बाणावली, हॉटेल’. ‘लदिन, व्हायोलिन’, आणि रकमेच्या जागी ‘चणे’. लदिन म्हणजे क्रुसापुढची प्रार्थना. तिथं शेजारधर्म म्हणून वाजवायचं, मग उकडलेले चणे आणि घोटभर फेणी. मेस्त तीही ओळ लिहितात. आणि काही ओळींपुढे, आकड्यावर, एक अर्धगोल आणि त्याच्या पोटात टिंब. पहिल्या वर्षी मला वाटलं, चहाचा डाग.

‘‘हें कितें?’’

‘‘फेर्माता. राव म्हण्टा तो.’’

स्वरलिपीत सुरावर ही खूण असली की तो सूर धरून ठेवायचा, सोडायचा केव्हा ते ऑर्केस्ट्राचा कंडक्टर सांगेल. मेस्तांच्या डायरीत ही खूण म्हणजे न आलेले पैसे. त्या वर्षी एका हॉटेलने त्यांना हंगामाचे ९६,००० दिले होते आणि दहा टक्के, म्हणजे ९,६०० रुपये, टीडीएस कापला होता. सरकारकडे भरल्याची नोंद होती फक्त ६,४०० ची. उरलेल्या ३,२०० साठी मी चार फोन केले, दोन पत्रं पाठवली. मॅनेजर बदलला होता. नव्याने सांगितलं की जुन्याला विचारा. मेस्तांनी डायरी काढली आणि त्या ओळीवर शांतपणे अर्धगोल काढला.

बाहेरून येणाऱ्यांना वाटतं गोव्यात बारा महिने गाणं-बजावणं चालू असतं. वाजवणाऱ्याचं कॅलेंडर वेगळं. पर्यटकांचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च, त्यात हॉटेलं. पण मध्येच ख्रिस्तांवांचा उपासाचा काळ येतो, कार्निव्हलनंतरचे चाळीस दिवस, त्यात लग्नं नाहीत. ईस्टर झाला की एप्रिल-मेमध्ये लग्नांची झुंबड, एका दिवशी तीन सुपाऱ्या, आणि माणूस एकच. जून लागला की सगळं बंद. आणि आता दहाचा नियम. उघड्यावरचा आवाज रात्री दहाला थांबवायचा, हे कागदावर २००० सालापासून आहे. पूर्वी पहाटे दोनपर्यंत चालायचं ते आता सातला सुरू होऊन दहाला संपतं. झोपणाऱ्यांचं बरं झालं, मीही झोपणाऱ्यांतलीच. पण तीनच तासांसाठी आठ जणांचा बँड कोण घेईल? डीजे येतो, एक टेम्पो आणि दोन मुलं.

२०२० ची डायरी मी जपून ठेवावी असं मला वाटतं, पण ती त्यांच्या डब्यात आहे. २२ मार्चच्या पानावर मेस्तांनी एक जाड आडवी रेघ ओढली, दोन टोकांना छोट्या उभ्या रेघा, आणि वर आकडा लिहायला जागा सोडली. डिसेंबरअखेर पहिलं लग्न मिळालं तेव्हा मोजून आकडा भरला, २८०. इतके दिवस विश्रांती. स्वरलिपीत अशीच खूण असते. बाकीचे वाजवत असतात तेव्हा तुम्ही गप्प बसून मोजत राहायचं. इथं मोजणाऱ्यांनी सगळी खुर्च्यांची रांगच भरली होती.

मराठीत ऑर्केस्ट्रा म्हटलं की आमच्या फोंड्याकडे जत्रेतला रंगमंच डोळ्यांसमोर येतो. चमकीच्या कोटातला निवेदक, किशोर-लताची गाणी, ऑक्टोपॅड. मेस्तांसाठी त्या शब्दाचा अर्थ रांगेत बसून, कागद बघून वाजवणं हा. हे त्यांच्याकडे चर्चच्या शाळेतून आलं. पोर्तुगीज राजवटीत गावोगावच्या चर्चशाळांत मेस्त पोरांना सोल्फेज शिकवत, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणं, आणि हुशार पोराच्या हाती व्हायोलिन देत. देवासाठी तयार केलेले हे वादक पोटासाठी बाहेर पडले, कारण गोव्यात वाजवायला चर्च होतं पण पगार नव्हता. १९५२ साली पणजीत आंतोनियो द फिगेरेदो यांनी संगीताची आकादेमिया काढली, तिच्याभोवती ऑर्केस्ट्राही जमला. पण त्यात वाजवून घर चालेल असं कुणी म्हटलं नाही. घर मुंबई चालवत होती. धोबी तलावाला गावागावाच्या नावाचे कूड, म्हणजे त्या त्या गावच्या माणसांची वसतिगृहं होती, तिथं एका पेटीएवढ्या जागेत राहायचं, हॉटेलांत, जहाजांवर, आणि मग सिनेमात वाजवायचं. संगीतकार चाल गुणगुणायचा, ती पन्नास माणसांना एकदम वाजवता येईल अशी लिहून काढणारे बहुतेक आमचे गोंयकार. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतले एक. १९५८ साली त्यांनी मुंबईत इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्यासोबत गायला उभं केलं. तो टिकला नाही. १९६५ मध्ये ते अमेरिकेला गेले. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ आला आणि त्यांचं नाव देशभर पोरांच्या तोंडी झालं, कारण त्यांचे व्हायोलिनचे शिष्य प्यारेलाल यांनी ते गाण्यात घालून गुरूची आठवण ठेवली. लोकांना वाटलं, बच्चनच्या पात्राचं नाव आहे.

मेस्त मुंबईला गेले १९६४ मध्ये. तेव्हापासूनच्या डायऱ्या आहेत, रबराने बांधलेल्या, कपाटात त्या बल्बच्याच उजेडात. ज्येष्ठ कलाकारांना दरमहा मदत देणाऱ्या एका योजनेचा अर्ज भरायचा होता म्हणून मी त्यांच्या घरी गेले. अर्जाला पुरावे जोडायचे होते. प्रमाणपत्रं, कात्रणं, फोटो, केलेल्या कामांची यादी. मला वाटलं, हे तर सोपं. डायऱ्या उघडल्या. स्टुडिओ, वेळ, रक्कम. स्टुडिओ, वेळ, रक्कम. पानंच्या पानं. गाणं एकही नाही.

‘‘गाण्याचं नाव का लिहिलं नाही?’’

त्यांना प्रश्नच कळेना. नाव त्यांना ठाऊकच नसे. सकाळी जायचं, स्टँडवर कागद असे, त्यावर सूर आणि ताल. तासन्‌तास तालीम, मग टेक. एकाने चुकवलं की पन्नास जणांनी पुन्हा पहिल्यापासून, म्हणून चुकवणाऱ्याकडे कुणी बघत नसे, सगळे आपापल्या कागदाकडे बघत. सिनेमा कुठला, पडद्यावर कोण गाणार, हे विचारायची पद्धत नव्हती. मी हौसेने माझ्या फोनवर त्या काळातली चार-पाच गाणी लावली. व्हायोलिनांची लाट आली की मी त्यांच्या तोंडाकडे बघे. तिसऱ्या गाण्याला त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मला वाटलं, सापडलं.

‘‘हांगा दुसरे व्हायोलिन मात्शें सकयल आसा,’’ ते म्हणाले. सूर उतरला आहे.

‘‘यात तुम्ही होता?’’

‘‘कोण जाणा. आसल्यार तो सकयल आशिल्लो हांव न्हय.’’

पुराव्याच्या जागी मी शेवटी काय जोडलं असेन? लग्नांचे फोटो, तियात्राच्या, म्हणजे कोकणी नाटकाच्या, दोन पत्रिका, आणि शेजारच्या चर्चमधल्या पाद्रीचं पत्र. सिनेमाची तीस वर्षं अर्जात एका ओळीची झाली.

कॉपीराइटच्या कायद्यात वादकाला जागा आहे, हे मला त्याच शोधात कळलं. १९९४ च्या दुरुस्तीत कला सादर करणाऱ्याची व्याख्या आली. तिच्यात नट, गायक, वादक, नर्तक, कसरत करणारा, हातचलाखी करणारा, गारुडी, व्याख्यान देणारा, सगळे एका पंगतीला आहेत. मला ती पंगत आवडली. पण २०१२ मध्ये तिला एक शेपूट जोडलं गेलं. सिनेमात ज्याचं काम किरकोळ स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला एक नैतिक हक्क सोडला तर कला सादर करणारा धरायचं नाही. पन्नासांतल्या दुसऱ्या रांगेतल्या व्हायोलिनचं काम किरकोळ का, यावर वकील वाद घालतील. नाव मात्र पडद्यावर आलंच नव्हतं, हे नक्की. २०१३ साली गायकांनी आपली रॉयल्टी गोळा करायला संस्था काढली. त्यांना नावं होती.

मग सिंथेसायझर आला. मेस्त ते रडगाणं गात नाहीत, म्हणून मीही गात नाही. आधी पन्नास होतो, मग बारा, बाराजणांना दोनदा वाजवून चोवीस करायचे, शेवटी एक मुलगा आणि त्याचा कीबोर्ड, एवढं ते बोटं मिटत सांगतात. ते परत आले. त्यांच्याकडे शिकणारी एक मुलगी विचारते, व्हायोलिन वाजवून महिन्याच्या महिन्याला पगार कुठे मिळेल? देशात नाव घ्यायचं तर एकच घेता येतं, मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, २००६ पासूनचा, आणि तिथल्याही कितीतरी खुर्च्यांवर कझाकस्तानसारख्या देशांतून आलेले वादक बसतात, कारण तिकडे सातव्या वर्षापासून पूर्ण वेळ हेच शिकवतात. मेस्त तिला सांगतात, बीकॉम कर. मला बघून सांगतात, असा माझा संशय आहे.

माझे वडील ऑर्गन वाजवत. प्राथमिक शाळेत मास्तर होते, आणि फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या देवळात उत्सवाला संगीत नाटक होई तेव्हा पायपेटीवर तेच. नाटकवाल्यांच्या भाषेत प्रयोगाच्या पैशांना नाइट म्हणतात. वडिलांनी कधी नाइट घेतली नाही. नारळ, प्रसाद, शाल. ‘‘देवापुढे वाजवलेलं विकायचं नसतं,’’ असं ते म्हणत आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटे. आमच्याकडे पैसे घेऊन वाजवण्यागाण्याला नावं ठेवायची जुनी सवय आहे. ज्या घरांतून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका आल्या त्या घरांना ह्याच गोव्याने काय काय म्हटलं, हे इथं वेगळं सांगायला नको. गवयाला बिदागी, साथीदाराला पाकीट, बँडवाल्याला मजुरी. एकाच कामाच्या पैशांना आम्ही माणूस बघून नाव देतो.

तबल्यावर लांबच्या गावचे एक गृहस्थ येत. त्यांना शाळा नव्हती, शेत नव्हतं, फक्त तबला होता. एका वर्षी नाटक संपल्यावर, पहाटे, मी झोपेत वडिलांच्या मांडीवर होते आणि उत्सव समितीचे कुणीतरी त्यांना म्हणत होते, ‘‘मास्तर एक पैसा घेत नाहीत, आणि तुमचं हे काय?’’ मग खूप वेळ शांतता, आणि मग तबल्याची पिशवी बांधल्याचा आवाज. चाळीस वर्षं मी ते वाक्य वडिलांच्या मोठेपणाची गोष्ट म्हणून सांगत आले. मेस्तांच्या ओळीनओळ लिहिलेल्या डायऱ्यांना मी सुरुवातीला कंजूषपणा म्हणत होते, हेही कबूल करते.

त्या २०१८ च्या ऑक्टोबरात ६,४०० चा परतावा मेस्तांच्या खात्यात जमा झाला. ते डबा घेऊन आले. ‘‘तुजे कितले?’’

मी म्हटलं, मेस्त, राहू दे. तुमच्याकडून काय घ्यायचं.

त्यांच्या गालावर तांबूस छटा चढली. ‘‘तुजो बापूय मास्तर आशिल्लो. ताका पगार आशिल्लो. तुका खंय आसा पगार?’’ मग जरा मऊ होऊन, ‘‘बाय, काम केल्यार पयशे घेवपाचे. आनी पावती दिवपाची.’’

वडिलांविषयी मीच कधीतरी, तोच अभिमान दाखवायला, त्यांना सांगितलं असणार. मी ५०० रुपये घेतले. पावतीपुस्तक शोधावं लागलं. त्यांनी चष्मा लावून पावती वाचली, तारीख तपासली, घडी करून दोन ब्रिजांच्या पावत्यांबरोबर डब्यात ठेवली आणि मुठीने झाकण ठोकून बसवलं. डायरीत ओळ लिहिली. निघताना दारातून म्हणाले, येत्या रविवारी कुडचड्याला लग्न आहे, सातला सुरू, दहाला बंद, यायचं तर ये. पण नवरीच्या एंट्रीला वरचा सूर आहे, तो लागतो का बघूया.